हवापालट

गावाचं नाव बाड हासलब्रुन.
बाड म्हणजे आंघोळ, हेमांगी सांगते.
मी म्हटलं, बाड आहे तर बिस्तरा कुठाय?
ती हसली नाही. गुरुवारी तिची परीक्षा होती.

डब्याला पुस्तिका टेकवून
भाकऱ्या थापता थापता ती गाव वाचते:
समुद्रसपाटीपासून उंची तीनशे बारा मीटर.
नदी एक, उडी मारून ओलांडावी एवढीच.
पूर्वेला जंगल, मागे चुनखडीचा कडा,
वारा बहुतेक पश्चिमेचा, धुकं दहा वाजेपर्यंत.
वस्ती दोन हजार एकशे चाळीस.
"अख्खं गाव?" तिची आई म्हणाली,
"समोरच्या दोन टॉवरांत मावंल."

भूगोलानंतर इतिहास.
एका धनगराच्या मेंढ्या रोज एकच दगड चाटायच्या.
दगड उकरला, खालून खारं पाणी.
इथे मी टीव्ही बंद केला.

खारं पाणी मला कळतं.
भांडुपच्या आगरात चौतीस वर्षं बांध घातले.
जिभेवर थेंब ठेवून डिग्री सांगायचो,
मुकादमाची काचेची नळी मागाहून बुडायची.
पंचवीसला पाणी मीठ धरतं.
तेविसाला घाई करणारा फुकट मरतो.

त्यांच्याकडे म्हणे ऊनच नाही.
म्हणून लाकडाची भिंत उभी केली, दोनशे पावलं लांब,
आत काटेरी फांद्या ठासलेल्या,
आणि वरून पाणी सोडलं, थेंब थेंब.
काट्याकाट्यावरून उतरताना वारा पाणी पितो,
खाली पोचतं ते दाट.
बरोबर आहे, मी म्हटलं,
ऊन नसेल तर वाऱ्याला कामाला लावायचं.
कुणाला सुचलं हे? नाव दिलंय?
नाही. त्या वेळच्या राजाचं दिलंय.

पुढे बाहेरचं मीठ स्वस्त पडू लागलं
आणि एका डॉक्टरच्या ध्यानात आलं,
भिंतीपाशी राबणारे खोकत नाहीत.
झालं. खोकणारे पैसेवाले आले.
रेल्वे आली, बाकं आली, बँड आला,
पेला हातात धरून चालायची वेळ ठरली.
गिरगावातले लोक देवळालीला जायचे, तसंच.
आम्ही तीच हवा फुकट घेतली,
तिचं नाव औषध आहे हे ठाऊक नव्हतं.

पान अकरा. एकोणीसशे अडतीस.
"हिर्शमान आरोग्यगृहाची मालकी बदलली."
ती पुढे निघाली, मी अडवलं.
मालकी बदलली म्हणजे? आधीचा कुठे गेला?
पुस्तिकेत नाही, बाबा.
पुढच्या ओळीत नव्या छपराचं वर्णन होतं.

आमच्या फाटकावरही एक पाटी लागली होती,
तीन भाषांत,
आणि तिन्हींत आम्ही नव्हतो.
पण हा मामला तसा नव्हता, फार वेगळा होता.
हेमांगीने मोबाइलवर शोधून
त्या वर्षांचं वाचून दाखवलं, थांबत थांबत.
त्या रात्री भाकरी तशीच राहिली.

शेवटची दोन पानं आताची.
विमा आता कमी आठवड्यांचे पैसे देतो.
हॉटेलं बंद, पोरं शहरात,
म्हातारे तेवढे बाकांवर.
त्यांना उठवायला, बसवायला, गोळ्या द्यायला
माणूस मिळत नाही.
पत्र तिथूनच आलं होतं.

परीक्षेत बाईंनी विचारलं,
आपल्या गावाविषयी दोन मिनिटं बोला.
ती म्हणाली: उंची चार मीटर.
नदी नाही, खाडी आहे. वारा पश्चिमेचा.
वस्ती मोजलेली नाही. पूर्वी इथे मीठ व्हायचं.
मग शब्द संपले आणि वेळ उरला,
तेव्हा "आगर" ती मराठीतच म्हणाली.
बाईंनी कागदावर लिहून घेतलं,
दुसरं अक्षर पुन्हा विचारून.

बाडबिस्तरा बांधून झाला.
किराणावाल्याच्या काट्यावर बॅग ठेवली:
तेवीस किलो, विमानात चालतं तेवढंच.
मी एका खेपेला याच्या दुप्पट उचलायचो.
तरी जिन्यावरून उतरवताना
दोनदा खाली ठेवली.